कुणाला त्रास नको

नागामी शुन्साकुची बदली कामिदानीच्या चौकीत झाली, तेव्हा शहरातल्या ठाण्यातले त्याचे सोबती पोट धरून हसले होते. "तिथे गुन्हे करतात ती रानडुकरं," एकाने सांगितलं, "आणि त्यांना बेड्या बसत नाहीत." कामिदानीची चौकी म्हणजे पुढे एक टेबल, एक फोन, भिंतीवर हरवलेल्या मांजरांचे फोटो, आणि मागच्या दोन खोल्यांत शुन्साकु आणि त्याची बायको चिनात्सु यांचा संसार. गावातच बिऱ्हाड करून राहणाऱ्या अशा पोलिसाला सगळे चुझाई-सान म्हणतात. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर आणि बायकोच्या तोंडी, एवढंच उरतं.

माणूस सरळ होता, कष्टाळू होता. खोड म्हणाल तर एकच. कुणी पाठीवर थाप मारली की गडी विरघळायचा.

चौकीपासून नागमोडी रस्ता चढत गेलं की वरची वाडी लागते. घरं दहा-अकरा, आणि प्रत्येक घरात एकेकटं माणूस, तेही पिकलं पान. मुलं ओसाकात, नातवंडं त्याहून लांब. शुन्साकु यायच्या आधीच्या हिवाळ्यात तिथले एक आजोबा घरातच वारले आणि समोरच्या घराला ते कळायला चार दिवस लागले. चूक कुणाची म्हणावी? समोरची बाई म्हणाली, "चुलीचा धूर दिसला नाही खरा. पण सकाळी सकाळी कुणाच्या दारात जाऊन 'जिवंत आहात का हो' असं विचारायचं? बरं दिसतं का ते? त्यांना किती संकोच झाला असता!"

मेलेल्या माणसाला कसला संकोच, हे शुन्साकुच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण नवा असल्यामुळे तो गप्प बसला. मात्र त्या चार दिवसांनी त्याची झोप उडवली. चिनात्सुला तो म्हणाला, "माझ्या हद्दीत चोरी झाली तर मी चोराला शोधेन. पण कुणी असं एकटं पडून राहिलं आणि मला पत्ताच नाही, तर मी इथे राहून उपयोग काय?"

मग त्याने पिवळ्या फडक्यांची युक्ती काढली. महिला मंडळाने पिवळं कापड शिवून दिलं. दारात बांबूची काठी. सकाळी आठाच्या आत ज्याने त्याने आपलं फडकं काठीला अडकवायचं, म्हणजे 'मी उठलो, मी बरा आहे'. संध्याकाळी पाचला गावच्या भोंग्यावर गाणं वाजलं की काढायचं. समोरच्या घराचं फडकं दिसलं नाही तर हाक मारायची, ओ आली नाही तर चौकीत फोन करायचा. साधं, सोपं, आणि कुणाला 'जिवंत आहात का' असं विचारायची गरजच नाही.

पहिल्या महिन्यात शुन्साकु सारखा पळत होता. इसाकु आजोबा उशिरा उठले, पळा. तोमे आजी फडकं धुवायला टाकून विसरली, पळा. एकदा तो धापा टाकत वर पोचला तर किनुए आजी मागच्या कोठीत मुळे खारवत बसलेली. धावताना शुन्साकु चिखलात घसरला होता, पाटलोण गुडघ्यापर्यंत माखली होती. ते बघून किनुएला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने पाटलोण बळेबळे उतरवून घेतली, धुतली, वाळवली, आणि दुसऱ्या दिवशी दुखऱ्या गुडघ्यांनी उतार उतरून चौकीत आली, गोड वड्यांचा डबा घेऊन.

"माझ्यासारख्या निरुपयोगी म्हातारीपायी तुमच्या जिवाला घोर लागला," ती कमरेत वाकून म्हणाली. वाकली ती उठेचना.

"अहो, काही हरकत नाही," शुन्साकु म्हणाला. आणि सहज, बोलायचं म्हणून पुढे म्हणाला, "पुढच्या वेळी तेवढं लक्ष ठेवा, म्हणजे झालं."

हे शेवटचं वाक्य तो संध्याकाळपर्यंत विसरूनही गेला. वरच्या वाडीत मात्र ते घरोघर पोचलं. इसाकु आजोबा तर अंत्यविधीला घालायचा काळा कोट चढवून माफी मागायला आले. त्यानंतर वाडीत एकही फडकं चुकलं नाही. उन्हाळा गेला, भात कापून झाला, दारोदार सोललेल्या पर्सिमनच्या, त्या नारिंगी गोड फळांच्या, माळा वाळत लटकल्या, आणि रोज सकाळी आठाच्या ठोक्याला सगळ्या काठ्यांवर पिवळं फडफडायचं. ठाण्यापर्यंत बातमी गेली. वरिष्ठ अधिकारी उशिओ साहेबांनी फोन करून शाबासकी दिली. शुन्साकुच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आता तर शेजारच्या जिल्ह्यातले पोलीस ही आदर्श वाडी बघायला येणार होते. मंगळवारी, दहा वाजता.

मंगळवारी सकाळी त्याला काही चैन पडेना. सगळं नीट आहे ना, हे आपल्या डोळ्यांनी बघावं म्हणून सातलाच तो गाडी काढून वर गेला. दंव पडलं होतं. वाडीच्या तोंडाशी त्याने गाडी थांबवली आणि समोर बघतो तर हात्सुयो आजी पाठीला टोपली लावून एका दारातून दुसऱ्या दारात चाललेली. टोपलीत पिवळी फडकी. एकेका काठीला एकेक अडकवत, वर्तमानपत्र टाकणाऱ्या पोऱ्यासारखी ती झपाझप पुढे सरकत होती.

शुन्साकुला पाहून ती दचकली.

"अगंबाई! चुझाई-सान! पाहुणे दहाला ना?"

"हात्सुयो-सान, हे काय?"

"काय म्हणजे? फडकी."

"कुणाची?"

"सगळ्यांची." तिने टोपली मागे सारली, पण एवढी टोपली लपणार कुठे? मग तिने हनुवटी वर केली. "हे बघा, मी चारला उठते. या वयात झोप येते कुठे? तो इसाकु नऊपर्यंत घोरतो. तोमेचा खांदा वर जात नाही. बाकीच्यांना आठवणच राहत नाही. एकाचं राहिलं की तुम्ही धावत येणार, घसरणार, कपडे खराब करणार. म्हणून मी म्हटलं, द्या सगळी माझ्याकडे, मी लावते. संध्याकाळी काढतेही मीच. एक दिवस चुकले असेन तर नाव बदला माझं!"

आणि शाबासकीची वाट बघत ती उभी राहिली.

शुन्साकुला आधी हसूच फुटलं. जिल्ह्याजिल्ह्यांतून बघायला येतात ती आदर्श वाडी म्हणजे ही एक म्हातारी आणि तिची टोपली!

"आणि तुम्हालाच काही झालं तर?"

"मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. मग जरा विचार करून, "झालंच, तर एकही फडकं लागणार नाही. तुम्हाला लगेच कळेल की! उलट सोयीचं."

"बरं. आज सकाळपासून तुम्ही कुणाकुणाला पाहिलंत?"

"पाहायचं कशाला? फडकं आहे ना, म्हणजे बरेच असणार सग..."

तिने मागे वळून आपणच लावलेल्या फडक्यांकडे पाहिलं, मग शुन्साकुकडे. त्याचं हसू कधीच गेलं होतं.

दोघं पहिल्या दारापासून सुरू झाले. इसाकु आजोबा गोधडीतून बाहेर आले, केस उभे, आणि पोलीस बघून तिथेच माफी मागायला लागले. "नंतर मागा!" हात्सुयो ओरडली आणि पुढच्या दारात गेली. तोमे आजी दात घासत होती. पलीकडच्या घरातून रेडिओचा आवाज आणि पाठोपाठ शिंक आली. कुणी सूप ढवळत होतं, कुणी मांजरावर खेकसत होतं. प्रत्येक दारातून कुणीतरी बाहेर येई आणि शुन्साकुच्या छातीवरचा एकेक धोंडा उतरे. शेवटी उरलं किनुएचं घर, सगळ्यांच्या वर, ओढ्याच्या काठाला. काठीवर पिवळं फडकं छान फडफडत होतं. नुकतंच हात्सुयोने लावलेलं.

"किनु-चान!" हात्सुयोने लाडक्या नावाने हाक मारली.

ओ नाही.

"किनुए-सान, मी चुझाई! नागामी!"

दार ओढलं तर आतून कुलूप. वाडीत कुलूप लावणारी किनुए एकटीच होती, आणि त्याला कारणही शुन्साकुच. शरदात पलीकडच्या खोऱ्यात घरफोड्या झाल्या, तेव्हा घरोघर जाऊन 'दारं बंद ठेवा, अगदी घरात असलात तरी' असं त्याने सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दारं उघडीच ठेवली. शेजाऱ्याच्या तोंडावर कुलूप लावायचं म्हणजे भांडण असल्यासारखं दिसतं. किनुएने तेवढं मनावर घेतलं. दुकानातून कुलूप आणलं, एक नाही, दोन.

"शेवटची कधी दिसली होती?"

"परवा. मुळे धूत होती." हात्सुयो म्हणाली. "काल संध्याकाळी फडकं काढलं नि तशीच गेले. दार बंद होतं. तिचं बंदच असतं हो!"

"काच फोडावी लागेल."

"मग फोडा की! विचारताय काय? काचेचं मी बघते."

शुन्साकुने दंडुक्याने काच फोडली, हात घालून आतल्या कुलपांच्या खिट्ट्या फिरवल्या, आणि बूट न काढताच आत शिरला. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरात बूट घालून. खोली थंड. अंथरूण कपाटात घडी घालून ठेवलेलं, रात्री घातलेलंच नव्हतं. भाताच्या कुकरमध्ये कालचा भात वरून कडक झालेला. कालच्या दुपारी जेवलेली नाही बाई. स्वयंपाकघराचं मागचं दार सताड उघडं. चोरांविषयी किनुएने जेवढं ऐकलं होतं, त्यांतले सगळे पुढूनच येत असावेत.

मागच्या दारात तिच्या रबरी चपला नव्हत्या. म्हणजे ती बाहेर गेलेली. बाहेर अंगण, एक कोठी, मग बांबूचं रान, आणि खाली ओढा. ओढ्याचा आवाज मोठा येत होता. एक अख्खी रात्र. दंवाची रात्र. आणि काठीवर पिवळं फडकं, 'मी बरी आहे' सांगत.

"किनुए-सान!" तो अंगणात उभा राहून ओरडला. बांबू सळसळले, बाकी काही नाही.

त्याने फोन काढून चिनात्सुला लावला. आवाज आपोआप चढला. "ऐक! अग्निशामक पथकाला कळव. खालच्या वाडीतले सगळे, कामावर असतील तर बोलावून घे. भोंग्यावरून जाहीर कर. शहरातून कुत्री मागव. ओढ्यात माणसं उतरवावी लागतील. आणि उशिओ साहेबांना सांग, पाहुण्यांना परत..."

"अहो," असा एक आवाज आला.

शुन्साकुने फोन कानापासून दूर धरला.

"अहो, चुझाई-सान... पथक नको हो. लोकांचा कामाचा दिवस आहे."

आवाज पाठीमागून आला होता. कोठीतून. ते दोघं उभे होते तिथून हात लांबवला तर भिंतीला लागेल, इतक्या जवळून.

शुन्साकुने दार जवळजवळ उपटलंच. आत खारवलेल्या मुळ्यांचा उग्र वास, लाकडी पिंपं, आणि दोन पिंपांच्या मधे, पिंपांवरची जुनी गोधडी आणि भाताची रिकामी पोती अंगावर ओढून किनुए आजी पडलेली. चेहरा कागदासारखा पांढरा, ओठ निळसर, डोळे मात्र टकटकीत. हनुवटीला नारिंगी काहीतरी लागलेलं. शेजारी पिकून मऊ झालेल्या पर्सिमनची पेटी होती. ती फळं खाऊनच तिने रात्र काढली होती.

शुन्साकुचा जीव भांड्यात पडला. तोही तिथेच गुडघ्यांवर बसला.

"माफ करा," किनुए म्हणाली. "अशी आडवी पडून बोलतेय."

"चिनात्सु!" तो फोनवर ओरडला. "सापडल्या! जिवंत आहेत! पथक नको, रुग्णवाहिका पाठव. आणि तू ये, गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन. सगळ्या!" मग स्वतःचा कोट काढून त्याने तिच्या अंगावर टाकला. "कुठे दुखतंय?"

"कंबर. हलता येत नाही. मुळे दाबायला पिंपावर ठेवलेला दगड उचलायला गेले नि पाय सरकला. चूक माझीच."

"कधी?"

"काल. सकाळच्या चहानंतर."

"काल! आणि तुम्ही हाक का नाही मारलीत?"

किनुएने नजर चुकवली. "मारणार होते. पण दुपारी सगळे झोपतात. संध्याकाळी ही आली फडकं काढायला, पावलं ऐकली मी. पण तिची स्वयंपाकाची वेळ. म्हटलं, उगाच कशाला."



"आणि आज सकाळी?" शुन्साकुने विचारलं. "आत्ता मी हाका मारत होतो तेव्हा?"

"आज तुमचे पाहुणे ना," किनुए हळूच म्हणाली. "वाडीचं नाव होणार, तुमचं नाव होणार. आणि ऐन वेळी मी अशी पडलेली, रुग्णवाहिका, धावाधाव... बरं दिसलं असतं का? पाहुणे दहाला यायचे. जेवून बाराला जातील. मग हाक मारू, असं ठरवलं होतं. पण तुम्ही कुत्री मागवायला लागलात. मग काय करणार? बोलावंच लागलं."

ही बाई मोडक्या कंबरेने रात्रभर थंडीत पडली होती, आणि तरी अजून दुपारपर्यंत पडून राहायची तिची तयारी होती. का, तर साहेबांसमोर त्याची मान खाली जाऊ नये. 'पुढच्या वेळी तेवढं लक्ष ठेवा' हे आपलंच वाक्य त्याला आठवलं, आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तेवढ्यात हात्सुयोचा बांध फुटला.

"अगं भवाने!" ती अशी ओरडली की खाली इसाकु आजोबांपर्यंत ऐकू गेलं. "माझी स्वयंपाकाची वेळ! काय पंचपक्वान्नं करत होते मी? कालचं सूप गरम करत होते! तू इथे मरून पडली असतीस, आणि मी रोज तुझ्या दाराला फडकं लावून गेले असते. रोज! तुझ्या मढ्याला पिवळं फडकं! मग जन्मभर मला झोप लागली असती का? तो त्रास नाही? सांग ना, तो त्रास कुणाचा?"

"तू ओरडू नकोस, तुझा रक्तदाब..."

"माझ्या रक्तदाबाचं नाव काढू नकोस!" असं म्हणत हात्सुयो पिंपांच्या मधे शिरली, ओल्या जमिनीवर बसली आणि किनुएचे दोन्ही हात आपल्या कुशीत घेऊन चोळायला लागली. ओरडणं चालूच होतं, रडणंही चालूच होतं, आणि हात तर थांबतच नव्हते. "बर्फ झालेत हात. बर्फ! मूर्ख बाई. साठ वर्षं शेजारी राहते मी हिच्या. साठ वर्षांत हिने माझ्याकडे मीठसुद्धा मागितलं नाही!"

चिनात्सु गरम पिशव्या घेऊन आली. वाडीतले एकेक करत सगळे जमले आणि आपापली रजई घेऊन आले, त्यामुळे रुग्णवाहिका पोचेपर्यंत किनुए रजयांच्या ढिगात दिसेनाशी झाली होती. रस्ता अरुंद, गाडी खालीच थांबली. स्ट्रेचर उतारावरून न्यायचं होतं, तेवढ्यात वेळेच्या बरेच आधी पोचलेले उशिओ साहेब आणि कडक इस्त्रीचे पाहुणे समोरून चढत आले.

शुन्साकुने कडक सलाम केला. कोट अंगावर नव्हता, गुडघे चिखलाने माखले होते, आणि सगळ्या अंगाला मुळ्याच्या खाराचा वास येत होता.

"साहेब, ही वाडी आदर्श नाही," तो म्हणाला. "फडकी सगळी एकच आजी लावत होत्या, मला त्रास होऊ नये म्हणून. या कालपासून पडल्या होत्या, आणि मला कळलं नाही. माझी चूक आहे."

उशिओ साहेबांनी स्ट्रेचरकडे पाहिलं. रजयांतून एक पांढरं डोकं कसंबसं बाहेर आलं आणि झुकायचा प्रयत्न करायला लागलं.

"जिवंत आहेत?"

"हो, साहेब."

"मग भाषण नंतर. ते टोक धरा," ते म्हणाले आणि स्वतः दुसरं टोक धरलं. इस्त्रीवाले पाहुणेही पुढे झाले. आदर्श वाडीचा दौरा असा, स्ट्रेचर खांद्यावर घेऊन, उतार उतरत संपला. वाटेत किनुएने प्रत्येकाची माफी मागितली, दोघांची तर दोनदा.

त्या दुपारीच शुन्साकु पुन्हा वर गेला. टोपली त्याने जप्त केली. मग घरोघर बसून सांगितलं, "फडकं आपलं आपणच लावायचं. विसरलात तर विसरा. मी येईन. दिवसातून तीनदा यावं लागलं तरी येईन. मी त्यासाठीच आहे. मला त्रास द्या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. इसाकु आजोबा म्हणाले, "हो हो, नक्की देऊ." आणि कुणीच दिला नाही. दुसऱ्या दिवशी फडकी आठाच्या ठोक्याला लागली, आणि चौकीच्या पायरीवर मात्र गोड वड्यांचे डबे, मुळे, कोबी यांची रास पडली. माफीची रास. शुन्साकुने डोकं धरलं. चिनात्सु म्हणाली, "सत्तर-ऐंशी वर्षांची सवय तू एका दुपारी मोडणार? जरा धीर धर."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, जेवणं व्हायच्या आधी, चौकीतला फोन वाजला.

"चुझाई-सान आहेत का?"

"बोलतोय. किनुए-सान? कशा आहात?"

"उद्या सकाळी ऑपरेशन आहे," ती म्हणाली. शुन्साकु थांबला. आता माफी येणार, हे त्याला ठाऊक होतं; फोन केल्याबद्दल, जेवणाच्या वेळी केल्याबद्दल, ऑपरेशनबद्दलसुद्धा.

"मला भीती वाटतेय," किनुए म्हणाली. "या ना जरा इकडे."

एवढंच. पुढे माफ करा नाही, मागे माफ करा नाही.

शुन्साकुने फोनवर हात ठेवला आणि चिनात्सुकडे बघितलं. तिने ऐकलं होतं. तिने गाडीची किल्ली त्याच्या पुढ्यात ठेवली आणि चौकीच्या टेबलाशी त्याच्या जागी जाऊन बसली.

"निघालोच," तो फोनवर म्हणाला. "आणखी काही हवंय? मागा. काहीही मागा."

पलीकडे विचार चालला होता. चौऱ्याऐंशी वर्षांत कुणी असं विचारलं असेल नसेल.

"हात्सुयोला आणा," किनुए शेवटी म्हणाली. "तिने हात धरला की बरं वाटतं. पण तिला बजावून ठेवा, इथे इतर माणसंही आहेत, ओरडायचं नाही."

शुन्साकु वर वाडीत गेला तेव्हा हात्सुयो दारातच होती. निरोप ऐकला आणि तिने पायात मिळतील त्या चपला घातल्या, एक स्वतःची, एक कुणाची कोण जाणे. गाडीत बसली ती थेट दवाखान्यापर्यंत एकसारखी ओरडत होती: मीठ मागितलं नाही, साखर मागितली नाही, आणि मागून मागून काय मागितलं बाईने, तर मला! शुन्साकुने तिला एकदाही गप्प केलं नाही. उताराच्या वळणावर तिने पदर नसल्यामुळे बाहीनेच डोळे पुसले आणि म्हणाली, "जरा जोरात चालवा हो, चुझाई-सान. ती वाट बघतेय."